सोमनाथ-द्वारकेला समुद्राजवळचं हॉटेल : बडोद्याहून निघण्याआधी काय, कोणत्या क्रमाने ठरवायचं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणीतरी फोन पुढे करून येतंच. "हे बघ, मंदिरापासून पाचशे मीटर, समोर समुद्र, नाश्ता फुकट. करू का बुक?" मी विचारते, पोहोचणार किती वाजता? आजी बरोबर आहेत का, त्यांना किती पायऱ्या चढवतात? मुलांना पाण्यात खेळायचंय की नुसता समुद्र बघायचाय? यातल्या एकाचंही उत्तर तयार नसतं, आणि बोट मात्र पैसे भरायच्या बटणावर असतं.

नातेवाईक, शेजारी आणि भजनी मंडळ यांच्या बऱ्याच सहली मी आखून दिल्या आहेत. माझा अनुभव असा, की फसगत हॉटेलमुळे होते त्यापेक्षा क्रम उलटा लावल्यामुळे जास्त होते. लोक आधी खोली धरतात आणि मग दिवस त्या खोलीत कोंबतात. आधी दिवस आखा, खोली सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली एकही गाळू नका.

१. समुद्र कशासाठी हवाय, ते घरात बसून ठरवा

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. "देऊळही जवळ, बीचही जवळ" हे वाक्य सोमनाथला वेगळं आणि द्वारकेला वेगळं लागू पडतं.

सोमनाथचं देऊळ अगदी समुद्राच्या काठावर आहे, लाटांचा आवाज आवारात ऐकू येतो. पण तो समुद्र पोहण्याचा नाही. ओढ जबरदस्त आहे, तळ एकदम खोल जातो, आणि पाण्यात उतरू नका असं तिथे वारंवार सांगितलं जातं. किनाऱ्यावर बसायचं, उंट-घोड्याची फेरी मारायची, मावळतीला देवळामागच्या समुद्र दर्शन पथावर चालायचं, हे सगळं छान होतं. मुलांना डुंबायला हा किनारा नाही.

द्वारकेला द्वारकाधीशाचं देऊळ गोमतीच्या काठाशी आहे. घाटावरून समुद्र दिसतो, पण डुंबण्याजोगा किनारा म्हणजे शिवराजपूर, आणि तो गावापासून ओख्याच्या दिशेने साधारण १२ किलोमीटरवर. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. तिथे आंघोळीचा भाग आखून दिलेला आहे, जीवरक्षक असतात, कपडे बदलायची सोय आहे.

मग निवड सोपी होते. नुसता समुद्र डोळ्यांना हवा असेल तर सोमनाथला देवळाजवळ राहा. मुलांना पाण्यात सोडायचं असेल तर ती हौस द्वारकेच्या मुक्कामात शिवराजपूरला भागवा, आणि तरीही हॉटेल द्वारका गावातच घ्या. शिवराजपूरला राहून देवळात जायचं म्हटलं की प्रत्येक आरतीला गाडी काढावी लागते. दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या की समुद्राची मजा उरत नाही. सोमनाथहूनच डुंबायला जायचं असेल तर दीवचा नागोआ किनारा आहे, पण जाऊन-येऊन त्यात अख्खा दिवस जातो.

*सावध : जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर कुठेच पाण्यात उतरायचं नाही. पावसाळ्यातला तिथला समुद्र बघायचा, तोही लांबून.*

२. तारीख नाही, आधी तिथी बघा

हॉटेलचे भाव तिथीवर हलतात, आणि दिवाळीत तर फारच. बेसतं वरस (गुजराती नववर्ष, आपला पाडवा) ते लाभपंचम (कार्तिक शुद्ध पंचमी) या दिवसांत अख्खा गुजरात घराबाहेर पडतो. एरवी परवडणारी खोली तेव्हा आवाक्याबाहेर जाते आणि दर्शनाची रांग लांबते. त्यानंतर कार्तिकी पौर्णिमेला सोमनाथला मोठा मेळा भरतो आणि त्याची गर्दी देवउठी एकादशीच्या सुमारास सुरू होते. म्हणजे लाभपंचम उलटल्यापासून एकादशीच्या आतले चार-पाच दिवस, एवढीच फट. आपल्याकडे शाळांना तेव्हा सुट्टी असतेच. मी भजनी मंडळाला नेहमी याच फटीत बसवते.

बाकी टाळायचे दिवस : सोमनाथला महाशिवरात्र आणि श्रावणातले सोमवार, द्वारकेला जन्माष्टमी आणि होळीचा फूलडोल. फूलडोलला पायी येणाऱ्यांचे जथे दोन-तीन दिवस आधीपासून रस्त्यावर असतात. जन्माष्टमीच्या बाबतीत एक चूक नेहमी होते. "आपण द्वारकेला जात नाही, सोमनाथला जातोय, मग काय!" असं म्हणून लोक निघतात. सौराष्ट्रात सातम-आठम (जन्माष्टमी आणि तिचा आदला दिवस) म्हणजे दिवाळीसारखीच सुट्टी, सगळीच गावं भरतात.

सणालाच दर्शन हवं अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर जावं, पण खोली दीड-दोन महिने आधी धरावी आणि समुद्राच्या खिडकीचा हट्ट सोडावा.

३. रात्री नव्हे, तास मोजा

बडोद्याहून निघालेली माणसं बहुतेक पहाटे पोहोचतात, मग रेल्वे असो की रात्रीची स्लीपर बस. आणि खोली मिळते दुपारी १२ ला. ही सहा तासांची पोकळी कुणी लक्षातच घेत नाही. एका वर्षी आमचे अकरा जण, त्यात दोन वर्षांचं बाळ, सकाळी साडेपाचला हॉटेलच्या पायरीवर सामान घेऊन बसले होते. चूक हॉटेलची नव्हती, पावतीवर वेळ स्पष्ट छापलेली होती. ती कुणी वाचली नव्हती.

कागद घ्या आणि हे लिहा :

पोहोचायची वेळ. परत निघायची वेळ. मधल्या आरत्या. सोमनाथला आरती सकाळी ७, दुपारी १२ आणि संध्याकाळी ७ ला होते, आणि देऊळ दुपारी बंद होत नाही. द्वारकाधीशाचं देऊळ मात्र दुपारी साधारण १ ते ५ बंद असतं. द्वारकेला दुपारी अडीचला उतरून "आधी दर्शन, मग हॉटेल" असं ठरवलं तर दोन्ही हुकतं. तेव्हा उतरलात तर सरळ खोलीवर जा, झोप काढा, पाचनंतर निघा.

आता हॉटेलची पद्धत बघा. ती तीन प्रकारची असते : ठरलेली वेळ (१२ ला आत, सकाळी १० किंवा ११ ला बाहेर), २४ तासांची (ज्या घटकेला आत, त्याच घटकेला बाहेर), आणि दोन-तीन तासांसाठी आवरायला मिळणारी खोली. पहाटे पोहोचणाऱ्यांना २४ तासांची सगळ्यात फायद्याची. ती नसेल तर आदल्या रात्रीपासूनचे पैसे भरा, नाहीतर आवरायची खोली वेगळी घ्या. आजी-आजोबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर आदल्या रात्रीचे पैसे ही उधळपट्टी नाही, इथे हात आखडू नका.

*तपासा : रेल्वेचं तिकीट वेरावळपर्यंतचं आहे की सोमनाथपर्यंतचं? वेरावळ स्थानकावरून देऊळ सहा-सात किलोमीटर आहे. "वेरावळ स्टेशनजवळ" असं हॉटेल देवळाजवळ नसतं.*

४. सगळ्यात थकलेल्या पायांच्या मापाने अंतर ठरवा

घरात ज्यांचे गुडघे सगळ्यात जास्त दुखतात त्यांच्या मापाने हॉटेल घ्यायचं. तरुण मंडळी कुठेही राहतील.

सोमनाथला हॉटेलच्या दारापासून देवळाच्या दारापर्यंत जेवढं चालायचं, तेवढ्यावर थांबत नाही. मोबाइल, कॅमेरा, पिशव्या, चामड्याचा पट्टा, काहीही आत नेता येत नाही. आधी सामान ठेवायचं, मग चपला, मग तपासणी, मग आवार. हे चालणं वेगळं मोजा. म्हणून हॉटेल अगदी जवळ असेल तर एक सोय होते, मोबाइल आणि पट्टा खोलीतच ठेवून अनवाणी नाही तरी रिकाम्या हाताने निघता येतं. मी तर म्हणते, देवळाजवळच्या हॉटेलचा खरा फायदा समुद्रापेक्षा हाच आहे. लॉकरची रांग वाचली की सातची आरती सापडते.

श्री सोमनाथ ट्रस्टची स्वतःची अतिथिगृहं आहेत : सागर दर्शन, लीलावती, माहेश्वरी. समुद्राकडेची खोली हवी असेल तर सागर दर्शन आधी बघा. साधी, स्वच्छ, कुटुंबाची सोय हवी असेल तर लीलावती किंवा माहेश्वरी. ती लवकर भरतात, म्हणून पहिला प्रयत्न तिथे करा आणि नाही मिळालं तर खाजगी हॉटेलकडे वळा. आपल्याकडे याच्या उलट होतं : आधी खाजगी हॉटेलचे पैसे भरतात, मग कुणीतरी ट्रस्टचं सुचवतं, मग रद्द करण्याची कटकट.

द्वारकेला गोष्ट पायऱ्यांची आहे. गोमतीच्या बाजूने, म्हणजे स्वर्गद्वाराकडून वर यायला ५६ पायऱ्या आहेत. बाजाराच्या बाजूला मोक्षद्वार आहे. गोमती घाटावरच्या हॉटेलांतून दिसणारं दृश्य सुंदर असतं, आणि म्हणूनच गुडघेदुखीवाल्यांना घेऊन माणसं तिथे उतरतात आणि रोज त्या पायऱ्यांपुढे अडतात. वयस्कर माणसं असतील तर बाजाराच्या बाजूला राहा आणि गोमती एकदाच, सावकाश, घाटावर बसून बघा.

दुसरं, देवळाजवळच्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी आत जात नाही. तीन बत्ती चौकाच्या आसपास उतरून सामान ओढत न्यावं लागतं आणि वाटेत गाईंना वाट द्यावी लागते. चार बॅगा आणि एक आजी असतील तर दोन माणसं फक्त सामानाला लागतात, हे आधीच धरून चाला.

*सावध : "लिफ्ट आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. माझ्या मावशीला घेऊन गेले होते तेव्हा लिफ्ट होती, पण ती पहिल्या मजल्यापासून सुरू होत होती. खाली अकरा पायऱ्या. मावशी दोन दिवस खोलीत बसून राहिली.*

५. नकाशा फोटोच्या आधी उघडा

आता कुठे फोन हातात घ्यायचा. हॉटेलच्या ॲपवर लिहिलेलं अंतर पुष्कळदा सरळ रेषेतलं असतं, कावळा उडेल तसं. आपण कावळे नाही. नकाशात हॉटेल ते देऊळ असा रस्ता "पायी" हा पर्याय निवडून बघा, आणि मिनिटं वाचा. आजींसाठी ती दुप्पट धरा. पायी १० मिनिटांच्या आत असेल तर चालेल, त्यापुढे असेल तर रिक्षाचं हॉटेल समजा. एकदा रिक्षाच लागणार म्हटल्यावर मग अर्धा किलोमीटर काय आणि दोन काय, लांबचं मोठं, मोकळं, गाडी लावायला जागा असलेलं हॉटेल जास्त सुखाचं होतं.

मग वरून दिसणारं चित्र उघडा. हॉटेल आणि समुद्र यांच्या मध्ये काय आहे? रस्ता, भिंत, अर्धवट बांधकाम, दुसरं उंच हॉटेल? वेरावळ हे मासेमारीचं मोठं बंदर आहे. बंदराच्या बाजूचं हॉटेल घेतलंत तर वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास खोलीत येतो. आपल्यातल्या काहींना तो चालतो, देवदर्शनाला निघालेल्या सोवळ्यातल्या काकूंना नाही.

त्यानंतर फोटो, आणि तेही हॉटेलने टाकलेले नाहीत, राहून गेलेल्यांनी टाकलेले. अभिप्राय नव्यापासून लावा आणि एक व दोन तारेवाले आधी वाचा. एखादा माणूस रागावलाय म्हणून सोडून देऊ नका, तीन वेगळ्या माणसांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर ती खरी धरा. समुद्राकाठी तीन तक्रारी सारख्या येतात : खारं पाणी, गंजलेले नळ-गीझर, आणि भिंतीला ओल. खाऱ्या हवेत सगळंच लवकर खराब होतं, म्हणून जुन्या नावाजलेल्या हॉटेलपेक्षा अलीकडे दुरुस्त केलेलं साधं हॉटेल बरं.

या पायरीअखेर हातात तीनच नावं उरली पाहिजेत. दहा नावं असतील तर चौथी पायरी नीट झाली नाही.

६. फोन करा, आणि गुजरातीत विचारा

ॲपवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून तिन्ही हॉटेलांना फोन करा. आपण बडोदेकर, गुजराती आपल्याला येते, तिचा उपयोग करा. गुजरातीत विचारलं की उत्तर मोकळं मिळतं.

"रूमनी बारीमांथी दरियो देखाय छे, के अगाशी परथी?" (खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, की गच्चीवरून?) हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "सी व्ह्यू" म्हणजे पुष्कळदा गच्चीवरून दिसणारा समुद्र, किंवा बाल्कनीतून मान वाकडी केल्यावर दिसणारी निळी रेघ. सरळ विचारलं की सरळ सांगतात.

"लिफ्ट सुधी केटलां पगथियां?" (लिफ्टपर्यंत किती पायऱ्या?)

"सवारे गरम पाणी केटला वाग्याथी?" सातच्या आरतीला जायचं तर पाचला गरम पाणी हवं. "सहापासून" असं उत्तर आलं तर आठ जणांची आंघोळ होऊन आरती मिळणार नाही.

"चेकआउट केटला वागे? सामान राखशो?" परतीची गाडी रात्रीची असेल तर सामान दिवसभर कुठे राहणार, हे आत्ताच कळलं पाहिजे.

याशिवाय जादा गादीचे पैसे, गाडी लावायची जागा आणि जेवण. देवळाच्या आसपास जेवण शाकाहारीच. गोड डाळ आजोबांना चालत नसेल तर बिनसाखरेची मिळेल का, हेही विचारायला संकोच करू नका.

*तपासा : सांगितलेला भाव करासहित आहे का? दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून जास्त कर लावला असेल तर बिल मागा.*

७. पैसे भरण्याआधी दहा मिनिटं थांबा

ही पायरी मी हात जोडून सांगते. सोमनाथ-द्वारकेच्या अतिथिगृहांच्या नावाने खोट्या वेबसाइट चालवून भाविकांना लुबाडलं जातं. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे केंद्राने तशी जाहीर सूचनाच दिली आणि त्यात सोमनाथ ट्रस्टच्या अतिथिगृहांचा उल्लेख होता. ट्रस्टची खरी वेबसाइट सोमनाथ डॉट ऑर्ग ही आहे. हे नाव स्वतः टाइप करा. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी जाहिरात उघडू नका, तिथला मोबाइल नंबरही लावू नका.

लुबाडणूक ठरीव पद्धतीने होते. व्हॉट्सॲपवर खोल्यांचे छान फोटो येतात. मग क्यूआर कोड येतो आणि पैसे एखाद्या माणसाच्या नावाने जातात. मग निरोप येतो, "एन्ट्री झाली नाही, परत पूर्ण रक्कम टाका, आधीची आपोआप परत येईल." आमच्या ओळखीच्या एका घरातून असे तीनदा पैसे गेले, कारण प्रत्येक वेळी आधीचे वाचवायचे होते. दुसऱ्यांदा पैसे मागितले की तिथेच थांबायचं. गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर जितका जास्त, पैसे अडवणं तितकं कठीण.

खाजगी हॉटेल ॲपवरून घेतलं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला थेट फोन करून नाव, तारीख आणि खोल्यांची संख्या पुन्हा वदवून घ्या. पावती फोनमध्ये ठेवा आणि एक कागदावर छापून आजीच्या पर्समध्ये ठेवा. फोनची बॅटरी संपते, आजीची पर्स हरवत नाही.

८. काउंटरवर : आधी खोली, मग सही

सगळ्या मोठ्यांची ओळखपत्रं हवीत, एकाचं चालत नाही. ती दाखवा, पण रजिस्टरवर सही करण्याआधी एक जण वर जाऊन खोली बघून येऊ दे. पाच मिनिटांचं काम आहे : नळ सोडून पाणी चाखा, गीझरचा दिवा लागतो का बघा, एसी सुरू करून वास घ्या, दाराची कडी आतून लावा, खिडकी उघडून समुद्र कबूल केल्याप्रमाणे दिसतो का बघा. लहान मुलं असतील तर बाल्कनीचा कठडा हाताने हलवून बघा. समुद्राकाठचं लोखंड रंगाखाली गंजलेलं असतं आणि ते डोळ्यांना कळत नाही.

काही खटकलं तर तेव्हाच, शांतपणे, खोली बदलून मागा. सामान लावल्यावर कुणी बदलत नाही.

आणि पहिल्या संध्याकाळी, दर्शन झालेलं असो वा नसो, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर घेऊन हॉटेल ते देवळाचं दार एकदा त्यांच्या चालीने चालून घड्याळ बघा. वाटेत बसायला ओटा कुठे आहे, रिक्षा कुठे थांबते, चपला कुठे ठेवायच्या, हे पाहून ठेवा. जेवढी मिनिटं लागली त्यात सामान आणि तपासणीची वीस मिनिटं मिळवा. तेवढं आरतीच्या वेळेतून (सोमनाथला सातमधून) वजा करून जी वेळ येईल, त्या वेळेला सकाळी खोलीला कुलूप लागलेलं असलं पाहिजे.